अधिक करायचे की वजा?

प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर शाब्दिक उदाहरणे घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "यात अधिक करायचं की वजा?" मूल उदाहरण जेमतेम वाचते, त्यातल्या दोन संख्या हेरते आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहते. गेली काही वर्षे मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना संध्याकाळी गणितात मदत करते आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मोठ्या माणसाने कधीही देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. क्रिया सांगून टाकली की मागे उरते ती केवळ आकडेमोड, आणि ती तर त्या मुलाला बहुतेक वेळा येतच असते. जे येत नसते ते आपण त्याच्यासाठी करून मोकळे होतो.

ही सवय किती खोल असते हे दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९८०च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान वर्गांतल्या मुलांना विचारले की एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून वय काढून दाखवले. ही मुले मंद नव्हती. गणिताच्या तासाला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या संख्यांतूनच निघते, हे अनुभवाने शिकलेली ती मुले होती.

खूणशब्द पाठ करून घेण्याच्या पद्धतीमुळे हे अधिकच बळावते. "मिळून" दिसले की बेरीज, "उरले" दिसले की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसले की गुणाकार, असा तक्ता मुलांना दिला की सोपी उदाहरणे भराभर सुटतात, आणि म्हणूनच तो तक्ता मला घातक वाटतो. एक साधे उदाहरण घ्या. निळ्या पेटीत ४२ मणी आहेत. लाल पेटीपेक्षा निळ्या पेटीत ८ मणी जास्त आहेत. तर लाल पेटीत किती? "जास्त" हा शब्द वाचताच कितीतरी मुले ५० लिहून मोकळी होतात. अशा वेळी मी संख्यांवर बोट ठेवून त्या झाकते आणि एवढेच विचारते की कोणत्या पेटीत जास्त मणी आहेत. मूल पुन्हा वाचते आणि म्हणते, "निळ्या." मग लाल पेटीत ४२ पेक्षा जास्त असतील की कमी, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

संख्या झाकून वाचणे हा मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय आहे. संख्या दिसत नसल्या की मुलाला गोष्ट वाचावीच लागते: कोणाकडे काय होते, मग काय झाले, आणि विचारले काय आहे. त्यानंतर वही मिटून हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावावी. जे मूल ती सांगू शकत नाही, त्याचे गणित कच्चे आहे असे समजण्याआधी त्याला वाक्य समजले आहे का, हे पाहावे. "पैकी", "प्रत्येकी", "अनुक्रमे" हे शब्द मोठ्यांना इतके सवयीचे झालेले असतात की मूल तेथेच अडले आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

चौथीतल्या एका मुलीबरोबरची संध्याकाळ मला या संदर्भात नेहमी आठवते. उदाहरण असे होते: पहिल्या डब्यातून १२ बटणे काढून दुसऱ्या डब्यात टाकली, तर दोन्ही डब्यांतली बटणे सारखी होतात, तर पहिल्या डब्यात सुरुवातीला किती बटणे जास्त होती? तिने क्षणाचाही विचार न करता "१२" असे सांगितले. मी चूक की बरोबर काहीच म्हटले नाही. खरी बटणे आणून तिच्यासमोर सहा-सहांचे दोन ढीग मांडले आणि म्हटले, "आता सारखी झालेली आहेत. इथे येण्याआधी दोन बटणे इकडून तिकडे गेली होती. ती परत जागेवर ठेव." तिने दुसऱ्या ढिगातली दोन बटणे उचलून पहिल्यात ठेवली आणि दोन्ही ढीग मोजले: आठ आणि चार. तिने पुन्हा मोजले. मग बराच वेळ ती त्या दोन बटणांकडे बघत राहिली, आणि अखेर म्हणाली, "ताई, इथली दोन कमी होतात आणि तिथली दोन वाढतात. म्हणजे दोनदा मोजायचं." १२ चे २४ तिने स्वतः केले. तो बराच वेळ, ज्यात मला काहीच बोलायचे नव्हते, हाच त्या संध्याकाळचा सर्वांत कठीण भाग होता. आपण बोलून टाकले असते तर तो शोध तिचा राहिला नसता.

वस्तूंनंतरची पायरी चित्राची आहे, आणि तेथे थेट संख्यांवर उडी मारण्याची घाई करू नये. सिंगापूरमध्ये १९८०च्या दशकात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात आयताकृती पट्ट्या काढून उदाहरण मांडण्याची पद्धत आणली गेली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. दोन पेट्यांत मिळून ९६ मणी आहेत आणि पहिल्या पेटीत १८ जास्त आहेत, तर प्रत्येक पेटीत किती, या उदाहरणात बहुतेक मुले ९६ चे दोन सारखे भाग करतात आणि एका भागात १८ मिळवतात. मग ६६ आणि ४८ यांची बेरीज ११४ येते, हे कोणी तपासत नाही. तेच दोन पट्ट्या एकाखाली एक काढल्या, वरची थोडी लांब ठेवली आणि त्या लांब तुकड्यावर १८ लिहिले, की तो तुकडा काढून टाकल्यावर उरलेल्या ७८ चे दोन सारखे भाग होतात हे डोळ्यांना दिसते. ३९ आणि ५७ ही उत्तरे मग आपोआप येतात. चित्र सुबक असण्याची गरज नाही. मात्र ते मुलाने स्वतः काढलेले हवे.

अंदाजाने सोडवणाऱ्या मुलाला दटावू नये, असेही मला मनापासून वाटते. याच उदाहरणात एका मुलाने दुसऱ्या पेटीत ४० धरले, पहिलीत ५८ आले, एकूण ९८ झाले, मग दोन जास्त आहेत म्हणून प्रत्येकीतून एकेक कमी केला. हा विचार उत्तम आहे. एखादी संख्या धरून चालायचे आणि जे उत्तर येईल त्यावरून ती दुरुस्त करायची, ही रीत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील पपायरसमध्ये (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या हस्तलिखितात) आढळते, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत ती इष्टकर्म या नावाने आहे.

ताळा पाहण्याबद्दल मात्र मी आग्रही आहे, आणि ताळा म्हणजे केवळ आकडेमोड पुन्हा तपासणे नव्हे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला, पण ३२ हे उत्तर लिहिणारी मुले २३ टक्केच होती. बरीच मुले "३१, बाकी १२" असे लिहून थांबली. म्हणून उत्तर आले की ते पूर्ण वाक्यात लिहायला आणि उदाहरणात परत ठेवून वाचायला मी सांगते. "३१ बस आणि बाकी १२" हे मोठ्याने वाचले की त्या बारा जणांचे काय, हा प्रश्न मूलच विचारते.

अलीकडे मी शेवटची दहा मिनिटे मुलांना स्वतः उदाहरण रचायला देते. बटणांच्या त्या मुलीने पुढच्या आठवड्यात लिहून आणले: दोन डब्यांत मिळून २५ बटणे आहेत, पहिल्यातून ४ दुसऱ्यात टाकली की दोन्हींत सारखी होतात, तर सुरुवातीला प्रत्येकात किती होती? मी तिला सांगितले की तूच सोडवून दाखव. तिने दोन पट्ट्या काढल्या, २५ चे दोन सारखे भाग करायला घेतले आणि पेन्सिल थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, मी वहीकडेच पाहत राहिले. मग तिने खोडरबर घेतला, २५ खोडून तेथे २६ लिहिले आणि १७ व ९ या उत्तरापर्यंत पोहोचण्याआधीच म्हणाली, "सारखी होणार असतील तर एकूण सम संख्याच पाहिजे ना!"