चुलबंदची रेती, तलावाचं पोट: यंदाच्या उन्हाळ्यातल्या घरट्यांच्या नोंदी

आपल्याकडे पक्षी सप्ताह साजरा होतो तो ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. दुर्बिणी तेव्हा बाहेर निघतात आणि होळी झाली की कपाटात जातात. पट्टकादंब गेले, बदकं गेली, आता या उन्हात काय पाहायचं, असं म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. विदर्भातल्या घरट्यांच्या नोंदींची सगळ्यात मोठी पोकळी मार्च ते जून याच महिन्यांत आहे, आणि रेतीवर, तलावाच्या सुकत्या पोटात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नेमके याच दिवसांत बसतात. म्हणून यंदाही वही चालू ठेवली.

पट्टा नेहमीचाच. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला चुलबंद नदीचा खालचा भाग, जिथून ती पुढे वैनगंगेला मिळते. एक जुना मालगुजारी तलाव, त्याच्या खालच्या दोन बोड्या (लहान तळी) आणि पलीकडचा मोह-तेंदूचा जंगलतुकडा. गावांची नावं मुद्दाम टाकत नाही. घरट्याचा नेमका पत्ता जगजाहीर झाला की चार दिवसांत तिथे कॅमेरे उभे राहतात, आणि उघड्या रेतीतल्या अंड्यांना ते परवडत नाही.

मार्चमध्ये पाहुण्यांची पांगापांग बघण्यातच वेळ गेला. पळस फुलला तसे पळसमैनांचे थवे आले आणि फुलं झडली तसे निघूनही गेले. ठिपकेवाल्या तुतारी चिखलाच्या काठाने मेच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळल्या. यात नवं काही नाही, तारखा वहीत आहेत, पुढे जातो.

खरी मजा नदीत. पाणी उतरलं की चुलबंदच्या पात्रात रेतीची बेटं उघडी पडतात. यंदा मोठ्या बेटावर नदी सुरय आले. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. ओळखायला अडचण नाही. त्याच बेटाच्या खालच्या टोकाला छोट्या आर्लींची वसाहत होती, ओलसर रेतीच्या कडेला. खडकाळ टोकाला नदी टिटवीची एक जोडी. छोटा कंठेरी चिखल्या गोट्यांमध्ये बसलेला सापडला तो केवळ उठून चालू लागला म्हणून. बसलेला असताना दुर्बिणीतूनही दिसत नव्हता.

नदी सुरय आता जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे आणि नदी टिटवी 'संकटाच्या जवळ'. आपल्याला हे पक्षी अधूनमधून दिसतात म्हणून ते भरपूर आहेत असं वाटतं. पण दिसणं निराळं आणि पिल्लं उडणं निराळं. बेटाचं गणित फार नाजूक असतं. भोवती पाणी आहे तोवर कुत्री, कोल्हे, गुरं तिकडे जात नाहीत. एप्रिलच्या शेवटी पाणी आणखी उतरतं, बेट काठाला जोडलं जातं आणि एका रात्रीत कुत्र्याच्या पावलांची रांग थेट घरट्यांपर्यंत गेलेली दिसते. उलट, वरून अचानक पाणी सोडलं तर सखल टोक आधी जातं. यंदा दोन्ही झालं. आधी बेटाची एक बाजू काठाला लागली. मग मेच्या पहिल्या पंधरवड्यात नदीला पाणी आलं आणि आर्लींची खालची वसाहत धुऊन गेली. वरच्या उंचवट्यावरचे सुरय मात्र वाचले, आणि त्यांची रेतीच्या रंगाची पिल्लं नंतर पाण्याच्या कडेने पळताना दिसली. उष्णतेने अंडी मरतात असं आपण सरसकट म्हणतो. माझ्या नोंदीत तरी उन्हाने गेलेलं एकही घरटं नाही. पाणी, पाय आणि चाकं, या तिघांनीच सगळी नेली.

चाकं म्हणजे रेतीचे ट्रॅक्टर आणि टिप्पर. पावसाळ्यात उपसा बंद असतो, पण तोपर्यंत घरट्यांचा हंगाम उलटून गेलेला असतो. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच की बेटावरचा रेतीचा उंचवटा उपसून गेला तर पुढच्या वर्षी पाणी वाढल्यावर वाचायला जागाच उरत नाही.

डांगरवाड्यांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण त्यांना उगाच दोष दिला जातो. धिवर कुटुंबं पात्रात डांगर, टरबूज, काकडी लावतात, खोपडी टाकून तिथेच राहतात. माणूस जागा असतो म्हणून कोल्हा फिरकत नाही. वाडीच्या टोकाला टिटवीचं घरटं होतं, तिथले मामाजी मला रोज काठावर बसलेला पाहून एकदा म्हणाले, "काहून जी गुरुजी, अंडे तं तिथंच हायेत, पळून जातात का?" पण त्याच मामाजींनी स्वतःचं कुत्रं दिवसभर खोपडीला बांधून ठेवलं. घरट्याभोवती पळसाच्या फांद्याही रोवल्या होत्या. त्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या, कारण कावळ्याला खूण लवकर कळते. खूण करायचीच तर घरट्यापासून दहा-पंधरा पावलं दूर, एकच दगड, बस.

आणि बेटावर पाय ठेवायचा नाही. काठावरून, झाडाच्या सावलीतून पाहायचं. पक्षी उठला की दुपारच्या रेतीवर अंडं उघडं पडतं. एरवी ही मंडळी अंड्यावर नुसती बसत नाहीत, सावली धरून उभी राहतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. तलावाच्या पोटात एका टिटवीच्या अशा पाण्याच्या फेऱ्या भर दुपारी पाहायला मिळाल्या. यंदाच्या वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच.

तलावाचंच पुढे सांगतो. मालगुजारी तलाव मेमध्ये निम्म्याहून जास्त उघडा पडतो. भेगाळलेल्या भागात टिटवी, त्याच्याही वर कोरड्या माळरानाकडे पिवळ्या गालाची माळटिटवी, आणि पाण्याच्या शेवटच्या डबक्याभोवती शेकाटे. टिटवीची अंडी चार, माळटिटवीचीही चार, आणि दोघींना उबवायला साधारण चार आठवडे लागतात. वर्तमानपत्रात दरवर्षी बातमी येते की टिटवीने चार अंडी घातली, चार महिने पाऊस पडणार. ती बहुतेक वेळा चारच घालते, तेव्हा हे भाकीत चुकायचं कारण नाही. अंडी उंचावर दिसली की पाऊस जोरदार, सखल जागी दिसली की दुष्काळ, असंही गावात सांगतात. यंदा एक घरटं तलावाच्या पाळीवर आणि एक थेट पोटात होतं, तेव्हा शेतकऱ्याने काय समजायचं ते पावसाचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळवाल्यांनाच विचारावं.

पोटातलं घरटं गाळ काढायच्या कामात गेलं. गाळ शेतात जातो, तलाव खोल होतो, कामाला विरोध नाही. जेसीबी चालवणाऱ्या पोट्ट्याला पाळीवरचं घरटं दाखवलं तेव्हा त्याने तो कोपरा शेवटपर्यंत सोडून दिला. आदल्या दिवशी कुणी एक चक्कर मारून अंडी कुठे आहेत ते दाखवलं तरी अर्धं काम होतं, आणि हे करायला आपल्यासारखेच रिकामटेकडे लागतात.

नदीच्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. ज्यांना वेड्या राघूची नोंद करायची आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की समोरच्याला बिळाचं तोंड दिसतंय की नाही, हे हा पक्षी ताडतो. तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असेल तर तो चोचीत चतुर धरून ताटकळत बसतो. माणूस तेवढ्याच अंतरावर पण तोंड न दिसणाऱ्या बाजूला गेला की आत शिरतो. मी हे दरडीवर करून पाहिलं आणि तंतोतंत तसंच झालं. मग छायाचित्राचा नाद सोडून बाजूच्या बेशरमीच्या झुडपाआड बसलो. तिथून बीळ दिसत नाही, पण कोण किती वेळा खाऊ घेऊन आत गेलं हे कळतं.

यावरून नोंदीच्या पद्धतीबद्दल. घरटं डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे असं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजननाचे जे संकेत आहेत त्यांत 'चोचीत अन्न नेताना' ही नोंद पक्की धरतात, आणि ती सगळ्यात निरुपद्रवी आहे. मात्र सुरय आणि धीवर (खंड्या पक्षी) यांना हा नियम लावू नका. सुरयाचा नर मादीला रिझवण्यासाठीही मासा घेऊन हिंडतो, आणि पकडलेला मासा लांबवर नेतो. त्यांच्या बाबतीत पिल्लू दिसेपर्यंत किंवा पक्षी बेटावर बराच वेळ बसलेला दिसेपर्यंत थांबावं.

जंगलतुकड्यात यंदा राखी धनेशाचं घरटं मिळालं, जुन्या मोहाच्या ढोलीत. मादी आत, तोंड लिंपलेलं, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. नर वड-पिंपळाची फळं गिळून आणतो आणि एकेक करून ओकून देतो. खाली पडलेल्या बिया पाहून आहार कळतो, तेवढ्यासाठी झाडावर चढायची गरज नाही. ढोलीवाला मोह म्हणजे म्हातारा मोह, आणि तो शेताच्या धुऱ्यावर असला तर सरपणात जायला वेळ लागत नाही. हा मोह ज्या घरचा आहे त्या काकूंना त्याच्या फुलांचे पैसे मिळतात, म्हणून तो उभा आहे. हळद्याचं घरटं कोतवालाच्या घरट्याच्या शेजारच्या झाडावर होतं. हा शेजार नेहमीचा, कोतवाल कावळ्याला पिटाळतो आणि हळद्याचंही फावतं. हरियालने पिंपळावर काटक्यांची अशी विरळ मांडणी केली होती की खालून पांढरी अंडी दिसत होती. राज्यपक्षी आहे, पण बांधकामात अगदीच आळशी.

रातव्याची नोंद मात्र थोडी विस्ताराने. रातवा घरटं बांधतच नाही. पाल्यावर दोन अंडी, त्यावर पाल्याच्याच रंगाचा पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग कधी कधी पुढे सरकते. मग मेमध्ये तेंदूपत्ता. पहाटेपासून अख्खं गाव जंगलात पानं तोडायला, आणि दुपारी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवर, पुडे मांडायला. एवढ्या पायांतून रातव्याने दोन अंडी कशी वाचवायची? पण याच लोकांकडून मला सगळ्यात जास्त नोंदी मिळाल्या. पानं तोडणाऱ्या बायांच्या पायाशी पक्षी उडतो, थोड्या अंतरावर पडून पंख मोडल्याचं सोंग करतो, आणि त्यांना लगेच कळतं की अंडी जवळ आहेत. फळीवर पुडे मोजायच्या वेळी जाऊन बसलं की कोण कुठे काय पाहिलं ते आपोआप कानावर येतं. वनविभागाची परवानगी, शिफारस, काही लागत नाही. फक्त पुडे बांधायला हात लावावा लागतो.

२५ मेला नवतपा लागला आणि नदीवरचं काम मी थांबवलं. या दिवसांत ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ला टेकतो, आमच्याकडे फार वेगळं नसतं. माणसालाही आणि पक्ष्यालाही त्रास नको. पहाट आणि संध्याकाळ फक्त जंगलात. नवरंगाची दुहेरी शीळ मेच्या अखेरीस नाल्याच्या गर्दीतून ऐकू आली, पक्षी दिसला तो नंतर, पाला उलथताना. बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तकाची मादी वाटीत बसलेली होती आणि पांढऱ्या शेपटीचा नरही पाळीपाळीने बसत होता. पावशा एप्रिलपासूनच ओरडून राहिला आहे, त्याच्या 'पेरते व्हा'वर विश्वास ठेवून कुणी पेरत नाही एवढं बरं.

चातक मृग लागल्यावर आला. तो स्वतः घरटं करत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो, म्हणून आता सातभाईंच्या टोळ्यांवर लक्ष ठेवतोय: एखादं मोठ्या तोंडाचं वेगळं पिल्लू त्यांच्यामागे भीक मागताना दिसलं, आणि ते पावशाचं नाही याची खात्री झाली (तोही सातभाईंच्याच घरट्यात अंडी टाकतो), तर ती चातकाची प्रजनन-नोंद. सारसांबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. त्यांची घरटी धानाच्या बांध्यांत पाणी भरल्यावर होतात, ती उन्हाळी नोंद नाही, आणि आमच्या पट्ट्यात यंदा फक्त उडत गेलेली एक जोडी आहे. कमळपक्षी, काणूक, अडई यांचंही पाऊस स्थिरावल्यावरच सुरू होईल. गावातल्या चिंचेवर गायबगळे पिसारा बदलून काड्या गोळा करायला लागलेत. चिंचेखालच्या घरमालकांशी आधीच बोलून ठेवलं आहे, कारण घाण पडते म्हणून फांद्या छाटायचा विचार दरवर्षी जुलैत निघतो.

वैनगंगेच्या पवनी ते देसाईगंज टप्प्यात, किंवा वर्धा-पैनगंगेच्या पात्रात, कुणी यंदा सुरय किंवा आर्लीची वसाहत पाहिली असेल तर तीन गोष्टी कळवा: बेट काठाला कोणत्या आठवड्यात जोडलं गेलं, पाणी केव्हा वाढलं, आणि उडती पिल्लं दिसली का. जागेचं नाव नको, नदी आणि तालुका पुरे. चातकाची पहिली तारीख कळवताना पक्षी दिसला की नुसता ऐकला, तेही लिहा.