पायाखालचं प्लाय

गेल्या वर्षी मे संपता संपता दादाच्या मासेमारी बोटीवर तांडेलकाकांचा (तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान) पाय केबिनच्या फ्लोअरमधून पार पोटरीपर्यंत खाली गेला. तेव्हा इंजिन बंद होतं म्हणून, नाहीतर आमच्याकडच्या बोटींना इंजिन केबिनच्या खालीच असतं, त्यामुळे काय झालं असतं ते बोलायलाच नको. काकांनी पाय वर काढला, पोटरीला हळद लावली आणि म्हणाले, "दोन महिने हातात आहेत, बघा काय ते."

दोन महिने म्हणजे मासेमारी बंदीचे, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. या दिवसांत हर्णैच्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येऊन निवांत पडतात आणि मालकांची झोप उडते, कारण कमाई बंद आणि डागडुजी सुरू. मी तेव्हा सुट्टीवर घरी आलेलो, पुण्यात कंप्युटरसमोर बसणारा माणूस, त्यामुळे दादाने माझ्यावर सगळ्यात बिनडोक काम सोपवलं, ते म्हणजे "स्वस्तातलं काय मिळतंय ते बघ."

आधी जुनं फ्लोअर उचकटलं. वरून एकदम देखणं होतं, टाइल्सचं डिझाइन असलेलं विनाइल, वहिनीने स्वतः पसंत केलेलं. ते सोलून काढलं तर खालचं प्लाय ओल्या चहापावडरीसारखं हातात आलं. मला वाटलं समुद्राचं पाणी लागून कुजलं असणार. काका हसले. म्हणाले, "खारं पाणी लाकडाला खात नाही रे, गोडं पाणी खातं." नंतर मी वाचून बघितलं तर माणूस शंभर टक्के बरोबर होता, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, तिला लागतं पावसाचं पाणी, बर्फाचं वितळलेलं पाणी, पिंपातून सांडलेलं पाणी. (खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो तो वेगळा, तो खाली तळाला लागतो, केबिनपर्यंत येत नाही.) म्हणजे आमचं फ्लोअर दर्यात नव्हे तर खाडीत, नारळाच्या विणलेल्या झापांखाली, आराम करता करता कुजलं होतं. वरून गळलेलं पाणी विनाइलच्या कडेने आत गेलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

केबिन सात बाय सहाची. म्हणजे बेचाळीस स्क्वेअर फूट, आठ बाय चारच्या दोन शीट. मला वाटलं तासाभराचं काम आहे. पण मरीन प्लायचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, भाव ऐकला आणि दादा दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मग सल्ले सुरू झाले. एकाने पीव्हीसीचा फोम बोर्ड सांगितला, पाण्याने काही होत नाही म्हणाला, खरंय, पण इंजिनच्या उष्णतेने तो पापडासारखा वाकेल त्याचं काय. एकाने डब्ल्यूपीसी सांगितलं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड. अॅल्युमिनियमची चेकर प्लेट कुणीतरी सुचवली, जुन्या एसटीत असायची तशी, पण ती पावलाला चटका देते आणि खलाशी केबिनमध्ये झोपतात कुठे, फ्लोअरवरच. एका पाहुण्याने तर घरात उरलेल्या खऱ्या टाइल्स देऊ केल्या. त्यांना चहा दिला.

फायबरचं मात्र दादाच्या मनात बसलं होतं. साधं प्लाय घ्यायचं आणि त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून रेझिन मारायचं. काका म्हणाले, जूनच्या दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं, आणि एखादा स्क्रू पिळला की त्या भोकातून पाणी आत जाणार आणि परत तेच, वरून देखणं आतून चहापावडर.

मला तोवर एक गोष्ट कळली होती की स्वस्त हा शब्द तिघं तीन अर्थाने वापरतायत. दुकानदार स्क्वेअर फुटाने बोलतो, दादा सीझनने मोजतो की किती वर्षं टिकेल, आणि काकांचा हिशोब असा की रात्री दोन वाजता दर्यात इंजिन बंद पडलं तर फ्लोअर किती पटकन उचलता येईल. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते फ्लोअर नाहीच, ते इंजिनचं झाकण आहे. हे एकदा डोक्यात शिरल्यावर अर्धे पर्याय आपोआप गळले.

उरलं शटरिंगचं प्लाय, स्लॅबच्या सेंट्रिंगला वापरतात ते काळपट तुकतुकीत. मरीनपेक्षा बरंच स्वस्त. शिवाय एका दुकानात "मरीनच आहे पण ब्रँडेड नाही" असं एक प्लाय अजूनच कमी भावात मिळत होतं, त्यावर मरीन असा शिक्का होता पण आयएसआयचा नंबर नव्हता. खऱ्या मरीनवर आयएस ७१० लिहिलेलं असतं आणि त्याची परीक्षा म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का बघायचं. मी दोन्हींचे तुकडे मागून आणले आणि वहिनीचा मोठा टोप काढला.

"भाऊजी, त्यात उद्या मला भात लावायचाय."

मग पडवीतल्या चुलीवर, काळा पडलेला डबा. ७२ तास गॅसवर केलं असतं तर सिलिंडरच्या पैशात मरीन आलं असतं, आम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी चार एवढंच केलं. आई दर तासाने येऊन विचारायची, शिजलं का. शिक्केवालं प्लाय दुपारीच खारीसारखं पदर पदर सुटलं. शटरिंगचं जरा फुगलं पण धरून राहिलं. दादा एवढा खूश झाला की दोन शीट लगेच आणायला निघाला आणि तेवढ्यात आई म्हणाली, "माळ्यावरचा फणस कशाला ठेवलाय मग?"

फणस निसर्ग वादळातला. ३ जून २०२०ला आमच्या परसातली सात झाडं गेली त्यातला तो सगळ्यात मोठा. वखारीतून इंची फळ्या कापून आणलेल्या आणि माळ्यावर टाकलेल्या, आईला त्यातून देव्हारा करायचा होता, तो राहूनच गेला. इतकी वर्षं सुकलेलं लाकूड, किड्याचा एक डाग नाही. आता फुकट म्हणाल तर फुकट नाही, रंधा मारायला पैसे गेले, पितळी स्क्रूंनी तर कंबरडंच मोडलं, लोखंडी घेऊ म्हटलं तर काकांनी नुसतं बघितलं.

शेवटी असं ठरलं की झोपायच्या जागी फणसाच्या फळ्या, दोन फळ्यांत जरा जरा फट ठेवून म्हणजे पाणी खाली जाईल आणि वारा लागेल, आणि एक फळी गेली तर तेवढीच बदलायची. इंजिनच्या वर शटरिंगचं झाकण, दोन तुकड्यांत, एका माणसाला उचलता येईल असं. एका शीटमध्ये भागलं. कापलेल्या कडा आणि खालची बाजू दोनदा रंगवली, कारण प्लाय मरतं ते कडेने, आणि खालून कोणी बघत नाही म्हणून तिथे रंग मारायचा लोकांना कंटाळा येतो. (मलाही आला.) पूर्वी मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचे म्हणे, काकांना ते परत आणायचं होतं, पण त्या वासाला वहिनी साफ नाही म्हणाली. विनाइलचा विषय तिने स्वतःहून काढला नाही, दादाने काढला तेव्हा सगळे एकदम दुसरंच बोलायला लागले.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाल्यावर काका केबिनमध्ये गेले, टाच दोनदा आपटली, झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं आणि त्यावरच आडवे झाले.

आईच्या देव्हाऱ्यापुरत्या फळ्या उरल्या नाहीत, एक पाट झाला. आणि तो उकळलेला शटरिंगचा तुकडा वहिनीने फेकला नाही, गरम टोप उतरवून त्यावर ठेवते.