आमची वाटचाल : हुशार मुलांचा वर्ग आणि त्याचं मोजमाप

जळगावात आमच्या फर्मचं काम सुरू झालं ते शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका छापून देण्यापासून. पुढे शाळा उत्तरपत्रिका तपासून मागू लागल्या, मग निकालाचं विश्लेषण. त्यातून मुख्याध्यापकांचा एक प्रश्न सारखा येऊ लागला : "हुशार मुलांचा वेगळा वर्ग घेतो खरा, पण त्याचा उपयोग होतो का?" आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आमचं मुख्य काम हेच. असे वर्ग आखून देणं आणि त्यांचं मूल्यमापन करणं. छपाई आता नावापुरती उरली आहे.

मूल्यमापन कसं करायचं हे वर्ग भरण्याआधी ठरावं लागतं. मार्चमध्ये 'अहवाल तेवढा करून द्या' असं काम आलं तर आम्ही घेत नाही. जूनची नोंदच नसेल तर मार्चच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? म्हणून शाळेबरोबरची पहिली बैठक एप्रिलमध्येच होते.

पहिला प्रश्न निवडीचा. वार्षिक गुणांवर यादी केली की सुवाच्य अक्षराची, शांत बसणारी, घरी पुस्तकं असलेली मुलं वर येतात. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारं मूल शाब्दिक उदाहरणात अडतं, तेव्हा अनेकदा अडचण वाक्याची असते, गणिताची नसते. आमच्या चाळण्या तीन. रेव्हनची आकृत्यांची चाचणी, म्हणजे अपुऱ्या नक्षीत बसणारा तुकडा ओळखायचा : ६० प्रश्न, १२-१२ चे पाच संच, सूचना सोडल्या तर भाषा लागत नाही. ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडूनच घ्यावी. दुसरी, शिक्षकांची निरीक्षण नोंद. तिच्यात 'हुशार कोण' असं विचारत नाही. उत्तर आल्यावरही दुसरी रीत कोण शोधतं, फळ्यावरची चूक कोण दाखवतं, एक विषय धरला की कोण सोडत नाही, असं विचारतो. तिसरी, दोन तासांचं प्रत्यक्ष काम. तिन्हींपैकी दोन चाळण्यांत मूल वर आलं की यादीत. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडलं की सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाची चिकाटी या तिन्हींच्या मेळातून प्रतिभा दिसते. आमची नोंदपत्रिका त्यावरच बेतलेली आहे. वरची मुलं त्या त्या शाळेतलीच निवडायची, जिल्ह्याला एकच कटऑफ लावायचा नाही. धडगावच्या आश्रमशाळेला जळगाव शहराची फूटपट्टी लावली की तिथलं एकही नाव येत नाही, आणि तो त्या मुलांवर उघड अन्याय आहे.

वर्ग १५ ते २० मुलांचा, आठवड्याला सलग दोन तासिका. एकेकटी तासिका दिली तर मुलं कामात शिरेपर्यंत घंटा होते. धड्याआधी पूर्वचाचणी घेऊन ज्यांना ८५ टक्क्यांवर येतं त्यांची उजळणी वगळायची आणि तो वेळ या वर्गाला द्यायचा; नाहीतर हुशार असणं म्हणजे दुप्पट गृहपाठ होऊन बसतं.

काम परिसरातलं हवं. रावेर-यावल भागात केळीची लागवड घेतो. दोन्हीकडे १.५ मीटर अंतर ठेवून चौरस मांडणी केली तर हेक्टरी साधारण ४,४४४ खोडं. तेवढंच अंतर राखून त्रिकोणी मांडणी केली की ओळी १.३ मीटरवर येतात आणि खोडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात. का, ते मुलांनी काढायचं. मग खरा प्रश्न : उत्पन्नही १५ टक्क्यांनी वाढेल? इथे ऊन, मशागतीची वाट, घडाचं वजन सगळं येतं. साक्रीकडे हीच जागा पांझरा नदीवरच्या फडपद्धतीतली, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीतली, पाणीवाटणी घेते.

आता मूल्यमापन. इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पेपर सोपा पडतो. जूनलाच ५० पैकी ४८ घेणाऱ्या मुलाची प्रगती त्याच इयत्तेच्या पेपरात दिसणारच नाही. पाचवीच्या मुलाला सातवीच्या पातळीचा पेपर द्यावा लागतो. दुसरी जास्त फसवी. एका चाचणीत सर्वांत वर आलेल्या मुलांच्या गुणांत त्या दिवसाच्या नशिबाचाही वाटा असतो, म्हणून पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी आपोआप थोडी खाली येते. शाळा म्हणते, वर्ग वाया गेला. यावर उपाय एकच : निवडीची चाचणी सुरुवातीची नोंद म्हणून वापरायची नाही. निवड संपल्यावर वेगळी पूर्वचाचणी घ्यायची.

तिसरी म्हणजे तुलनाच नसते. मुलं वर्षभरात तशीही वाढतात. जागा २० आणि पात्र मुलं ४० असतील तर चिठ्ठ्या टाकतो. निम्मी पहिल्या सत्रात, उरलेली दिवाळीनंतर. पहिल्या सत्राअखेर दोन्ही गटांना एकच पेपर. गटांमधला फरक हे आपलं उत्तर. कोणाचंच मूल वगळलं जात नाही, हे पालकसभेत नीट सांगितलं की चिठ्ठ्यांना हरकत येत नाही. नंदुरबारच्या ज्या गावांतून कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे मात्र हे करू नये. तिथे सगळ्यांना जून ते दिवाळीतच बसवायचं आणि तुलना शेजारच्या तशाच शाळेशी करायची; ती कच्ची असते, अहवालात तसं लिहायचं.

प्रकल्पांना गुण दोन शिक्षक वेगवेगळे देतात, मुलाचं नाव झाकून. चारच्या मापावर दोघांत एकाहून जास्त फरक पडला तर तिसरा बघतो. ज्याने शिकवलं तो तपासणीत नसतो. आम्ही आखलेल्या वर्गाचं गुणदान आमची माणसंही करत नाहीत. त्याने खर्च वाढतो, तो आम्ही करारात आधीच दाखवतो.

अहवाल चार पानांचा असतो, मराठीत. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षी कोणता घटक बंद करायचा, कोणता वाढवायचा आणि त्यासाठी किती तासिका लागतील एवढंच. ते पान वेळापत्रक बनवणाऱ्या शिक्षकांच्या हाती मे महिना संपण्याआधी द्यायचं, कारण जूनमध्ये तासिका एकदा बसल्या की हलत नाहीत.