पिवळा गालिचा

आज रविवार म्हणून पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. हाताला इंग्रज चरित्रकार लिटन स्ट्रेचीचं 'क्वीन व्हिक्टोरिया' लागलं आणि आवरणं तिथेच राहिलं.

स्ट्रेची म्हटलं की लोकांना १९१८ चं 'एमिनंट व्हिक्टोरियन्स' आठवतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जनरल गॉर्डन, कार्डिनल मॅनिंग, डॉ. आर्नल्ड, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या चौघा थोरांना त्याने देव्हाऱ्यातून खाली उतरवलं. तोवर तिकडे थोरामोठ्यांचं चरित्र म्हणजे दोन जाडजूड खंड आणि पानोपानी गुणगान. याने मोजक्या पानांत, चिमटे काढत, हाडामांसाचा माणूस उभा केला.

तीनच वर्षांनी राणीचं चरित्र आलं. मला वाटतं, लिहिता लिहिता तो तिच्या प्रेमातच पडला. शेवटचं पान बघा. राणी मरणाच्या दारात आहे, दिसत नाही, बोलत नाही. तिच्या आठवणी मागे मागे जात असतील, असं तो म्हणतो. हिरव्या दिव्याखालचा नवऱ्याचा, अल्बर्टचा चेहरा, मग आणखी मागे, वडिलांचं कासवाच्या पाठीच्या डबीतलं घड्याळ, एक पिवळा गालिचा, लहानपणीच्या केन्सिंग्टन राजवाड्याची झाडं आणि गवत. सगळं एकाच लांबलचक वाक्यात! चिमटे काढणारा हाच का तो?

आमची आजी शेवटच्या आठवड्यात मला ओळखत नव्हती. पण माहेरच्या विहिरीवरचा रहाट कसा करकरायचा, ते पुन्हा पुन्हा सांगायची. औषधाची वेळ झाली की मी तिला मध्येच थांबवायचो. थांबवायला नको होतं.