वरून काही नको

काळ्या हंडीत पिवळीधमक दाल आणि मधोमध बटरचा चौकोनी तुकडा, कडा नुकत्या विरघळायला लागलेल्या. मी वेटरला म्हटलं, "दादा, बटर नको सांगितलं होतं ना?" तो जराही गडबडला नाही. "मॅडम, वरूनच आहे, काढून देतो," म्हणाला आणि माझ्यासमोर चमच्याने तो तुकडा अलगद उचलून त्याने बशीत ठेवला. तुकडा गेला. त्याच्या जागी एक तुपकट वर्तुळ राहिलं, हळूहळू हंडीभर पसरत गेलेलं.

"झालं," तो म्हणाला.

मुंबईतला माझा हा पहिला दिवस, सोमवार. मी पुण्याची. फोर्टातल्या एका कंपनीचं ऑडिट होतं, आठवडाभराचं काम, आणि पहिल्या दिवशी जेवायला न्यायचं म्हणून कंपनीची माणसं आम्हाला एका 'प्युअर व्हेज'मध्ये घेऊन गेली होती. दूधदुभतं सोडून मला चार वर्षं झाली. का सोडलं ते इथे सांगत बसत नाही. त्यावर वाद घातला की माझा कोरा चहा गार होतो, एवढाच अनुभव आहे. पुण्यात घरी काही अडत नाही. चारी ठाव जेवण बाहेर करायचं म्हटलं की खरी परीक्षा.

ऑर्डर देताना मी 'व्हीगन', म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारी, हा शब्द वापरून पाहिला होता. उत्तर आलं, "व्हेज ना? इथे सगळं प्युअर व्हेजच आहे." त्याची चूक नाही. शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मला, आणि आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यात दूध, दही, पनीर, तूप सगळं सुखाने नांदतं. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत, हिरव्या 'व्ही'चं चिन्हही आहे, पण ते दुकानातल्या पाकिटांवर. हंडीवर कोण छापणार? शेजारच्या सहकाऱ्याने सुचवलं, "जैन सांगा ना, मुंबईत सगळ्यांना कळतं." कळतं, अगदी बरोबर कळतं. कांदा, लसूण, बटाटा जातो आणि चीज दुप्पट होतं. म्हणजे माझे तिन्ही मित्र हद्दपार आणि जिच्यापासून पळतेय ती बाई ताटात.

त्या दुपारी मी बटर न लावलेल्या दोन तंदुरी रोट्या, कांदा, लिंबू आणि भाजलेला पापड एवढ्यावर उठले. पोट भरलं, पण जेवल्यासारखं काही वाटलं नाही.

उतरले होते गिरगावात, मावशीकडे. तिची चाळ अजून उभी आहे. आता खालून मेट्रो जाते, त्यामुळे गिरगावात बसलं की हुतात्मा चौकाला उतरायचं, मधे दोनच स्टेशनं. मावशीला मी आधी फोनवर सगळं नीट समजावलं होतं. तिने ते ऐकलंही होतं. संध्याकाळी गेले तर खिडकीपाशी बसून भिजवलेले, मोड आलेले वाल सोलत होती. सोललेल्या डाळिंब्यांची हिरवट-पांढरी रास एका बाजूला, सालांचा ढीग दुसऱ्या बाजूला. डाळिंबी सोलायची म्हणजे चिमटीत धरून हलकंच दाबायची, ती सालातून टुपकन उडते. मावशीची एकही जमिनीवर पडत नव्हती. माझ्या निम्म्या पलंगाखाली गेल्या.

पानावर बसलो. गरम भात, वरण, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाची आमटी. मावशीचा हात सवयीने तुपाच्या तामलीकडे गेला.

"मावशी."

"अगं, अन्नशुद्धी तरी घेशील की नाही? थेंबभर."

"थेंबभर पण नको."

"मग तो काय वरणभात?" ती खरंच दुखावली होती. थोडा वेळ तामली हातात धरून बसली, मग उठली आणि अर्धं लिंबू घेऊन आली. ते माझ्या भातावर पिळत म्हणाली, "घे. लिंबानेही होत असेल शुद्ध. एकादशीला विचारते गुरुजींना."

त्या रात्री झोपताना डोक्यात बटरचा तुकडा आणि तुपाची तामली शेजारी शेजारी आली. दोन्ही वरून येणारी. पण मावशीच्या वरणातलं तूप मी अडवू शकले, कारण ते खरोखर वरून येणार होतं. खाली होतं ते तुरीची डाळ, हिंग, हळद. हॉटेलातल्या पंजाबी भाजीत तसं नाही. तिथे क्रीम, बटर, दही वाटणातच शिजलेलं असतं, वरचा तुकडा म्हणजे नुसता झेंडा. आपलं रोजचं मराठी जेवण बघा: पिठल्यावर तूप, थालीपिठावर लोणी, मिसळीवर दही, खिचडीवर तूप, पुरणपोळीवर तूप. दूधदुभतं बहुतेक शेवटी, पानात पडताना येतं. म्हणजे मला व्हीगन हॉटेल शोधायचंच नव्हतं. जिथे वरून घालतात तिथे जायचं आणि हात आडवा धरायचा.

मंगळवारपासून मी 'व्हीगन' हा शब्द बंद केला. त्याऐवजी, "वरून काही नको. फोडणी तेलाची ना?" एवढं विचारायचं. या प्रश्नाला मुंबईतला कुठलाही वाढपी बुचकळ्यात पडत नाही.

सकाळी ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ. फरसाण, उसळ, तर्री, कांदा, लिंबू. दह्याला नाही म्हटलं की काम झालं. पावाबद्दल मात्र एक सांगते. लादीपाव म्हणजे मैदा, यीस्ट, मीठ, साखर, पण काही बेकऱ्या चकाकी यावी म्हणून वरून दुधाचा हात फिरवतात. पुन्हा तेच, वरून! मावशीच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, या भावात दूध कुठनं लावू?" यापेक्षा भरवशाचं प्रमाणपत्र मला नको.

वडापावाचं तर विचारायलाच नको. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं सांगतात; त्यांनी माझा विचार करूनच केला असावा. बटाटा, बेसन, तेल, लसणीची सुकी चटणी. हल्ली मात्र गाडीवर 'बटर वडापाव', 'चीज वडापाव' अशा पाट्या दिसतात आणि तव्यावर पाव परतताना बटर फिरतं, तेव्हा "पाव तसाच द्या" म्हणायला विसरू नका. चौपाटीवर भेळ, शेवपुरी, पाणीपुरी खुशाल खावी, दहीपुरीच्या वाटेला जाऊ नये. पण हे सगळं मधल्या वेळचं खाणं. मी दोन दिवस यावर काढले आणि बुधवारी रात्री छातीत जळजळ घेऊन चाळीच्या गॅलरीत बसले होते.

मधेच एक फजितीही सांगून टाकते. लोअर परळला मीटिंग होती, तिथल्या एका चकचकीत कॅफेच्या मेनूवर चक्क 'व्हीगन बाउल' लिहिलेला. पाचशेच्या वर किंमत. आला तर पालापाचोळा, चार काबुली चणे आणि वरून मधाची धार. मध! "हनी नॅचरल आहे, मॅम." नॅचरल तर गाईचं दूधही असतं, पण बोलून उपयोग नव्हता. बाउल परत गेला, बिल मात्र आलं.

पोटाला खरा आधार मिळाला तो पोळीभाजी केंद्राचा. मुंबईत नोकरी करणाऱ्यांना हे नवीन नाही, बाहेरून येणाऱ्याला मात्र सुचत नाही. दोन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा आमटी, प्लॅस्टिकच्या डब्यात. बाई संध्याकाळी ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढून ठेवतात. मी विचारलं, पोळीला काय लावता? "तेल. तूप हवं तर आधी सांगावं लागतं, दहा रुपये जास्त." जगात पहिल्यांदाच माझी आवड स्वस्तातली निघाली.

अशा जेवणाला मुंबईत मोठा वारसा आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहायचे आणि खानावळ चालवणाऱ्या बायकांकडे जेवायचे. उधारीवर, सावकाराच्या कर्जावर त्या बायका चुली चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना एकत्र आणून, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. गिरणी कामगाराच्या ताटात तूप कुठून येणार? भाकरी, डाळ, उसळ, कधी सुकट. सुकट वगळली तर माझंच ताट की ते. मला आठवडाभर जे शोधावं लागत होतं, ते या शहराचं एकेकाळी रोजचं जेवण होतं.

आता शुक्रवारची गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं. ऑफिसातली पोरं म्हणाली, आज मालवणी खानावळ. मी म्हटलं, चला, मी भात खाईन. छोटी जागा, सहा टेबलं, हात धुवायच्या बेसिनपाशी सुरमईच्या भावाची पाटी. गल्ल्यावर मालकीणबाई. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगो, मग काय वाढू तुका?"

"दूध, दही, तूप पण नाही चालत," मी एका दमात सांगून टाकलं.

"नारळाचा दूध चालता?"

"ते चालतं."

"मग रडतंस कित्याक?"

आणि जे ताट आलं! तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट, कडेला किंचित करपलेली. काळ्या वाटाण्याचा सांबारा, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा, जवळपास काळा, वाटाणे अख्खे पण जिभेखाली मऊ. भोपळ्याची सुकी भाजी. कैरीचं लोणचं. वाटीत सोलकढी, फिकट गुलाबी, वर हिरव्या मिरचीचा आणि लसणीचा वास. मी पहिला घोट घेतला आणि चार वर्षांत ज्याची उणीव भासत होती ते ताक, ती कढी, सगळं एका वाटीत परत आल्यासारखं झालं. नारळाचं दूध पहिल्या पिळ्याचं होतं, दाट, कोकमाचा आंबटपणा त्याच्या मागून येणारा. पावडरीची सोलकढी जिभेवर खडूसारखी राहते. ही राहत नव्हती, घशातून गार उतरत होती. तीन वाट्या प्यायले. तिसऱ्या वाटीचे पैसे बाईंनी लावले नाहीत.

शेजारी पोरं सुरमई फोडत होती. त्याच तव्यावर माझी भाकरी भाजली असेल का? असेलही. काही व्हीगन मंडळी अशा ठिकाणी पाण्याचा घोटही घेणार नाहीत, त्यांचा मान राखून मी माझी भाकरी खाल्ली. मला एवढं कळतं, की ज्या स्वयंपाकात नारळ हेच दूध, त्या स्वयंपाकात मला कमीत कमी समजावावं लागतं. 'प्युअर व्हेज'मध्ये उपाशी आणि मासळीच्या खानावळीत तृप्त, असं माझं झालं खरं.

रविवारी काम संपलं होतं. माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात गेले, १९४२ पासूनची जागा, रेल्वे स्टेशनला लागून. केळीच्या पानावर वाढतात. तूप घेऊन वाढपी आला आणि मी काही बोलायच्या आत पानावर आडवा हात धरला. पंगतीत आजोबा 'पुरे' म्हणताना धरायचे तसा. वाढपी न थांबता पुढच्या पानाकडे गेला. दह्याची वाटी परत दिली, रस्सम दोनदा मागून घेतलं. एकाच गोष्टीचं वाईट वाटलं: माटुंग्यात जाऊन फिल्टर कॉफी नाही म्हणजे पंढरपुरात जाऊन दर्शन नाही. बाहेर एका उडप्याकडे नुसतं डिकॉक्शन, गरम पाणी आणि साखर मागितली. अण्णाने आणून दिलं, पण माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

संध्याकाळच्या गाडीने परत. निघताना मावशीने स्टीलचा डबा दिला, वर फडकं बांधलेलं. "दाण्याचे लाडू आहेत. दाणे आणि गूळ, बाकी काही नाही. तुझ्यासाठी वेगळे केलेत." कर्जतला घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्यात फलाटावर उतरून एक वडापाव घेतला, चटणी जास्तीची. गाडी हलली तशी डबा उघडला. लाडू घट्ट वळलेले, चकचकीत, हाताला किंचित तेलकट लागणारे. दाण्याला तेल सुटतंच, म्हटलं. दोन खाल्ले.

फोन वाजला. मावशी.

"खाल्लेस का लाडू?"

"खाल्ले की. मस्त झालेत."

"झाले ना? मला भीती वाटत होती. गूळ कोरडा निघाला, वळलेच जाईनात गं. मग काय करणार." ती जरा थांबली. "लाडवात नाही हो घातलं. फक्त हाताला लावलं होतं."

पुढे ती काही तरी म्हणत होती, पण बोगदा आला आणि फोन तुटला. तिसरा लाडू माझ्या हातात होता.