बँड म्हटलं की

रविवार, रात्री साडेदहा. मिरज.

कोयना एक्स्प्रेस आदर्कीच्या घाटात शिरली आणि चौघांच्याही मोबाइलची रेंज एकदमच गेली. पुढचं सगळं त्यामुळे झालं. नाहीतर पुण्यापासून मिरजेपर्यंत चार माणसं चार खिडक्यांसारखी बसून राहिली असती.

सरांच्या मुलीचं बुधवारी लग्न. त्यासाठी सर आणि बेंजो पुण्याला खरेदीला आले होते, परतीच्या गाडीत मी आणि वकील त्यांच्याबरोबर निघालो. सर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणारे आमचे वर्गमित्र. आम्ही दहावीपर्यंत त्यांना काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बेंजोला बेंजो म्हणतात कारण तो गणपतीत बेंजो पार्टीत वाजवायचा. मंडप आणि साउंडचा धंदा काढून वीस वर्षं झाली तरी नाव चिकटलंय ते चिकटलंयच. वकील मात्र पुण्याचा, माझा हॉस्टेलमधला रूम पार्टनर.

रेंज गेल्यावर वकिलानं गाण्यांच्या भेंड्या काढल्या. सर गायला लागले की डबा रिकामा होतो, म्हणून मी त्यात बदल केला. गाणं म्हणायचंच नाही. एकानं बँडचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी तीन आकडे मोजायच्या आत मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. विचार करायचा नाही. जो अडखळला त्याच्याकडं सगळ्यांचा चहा.

सुरुवात नुसत्या पोरकटपणानं झाली. स्कॉर्पिअन्स म्हटल्याबरोबर सर ओरडले, "तात्या विंचू!" ती जर्मन मंडळी हे ऐकतील तर काय म्हणतील कोण जाणे. पोलिस म्हटल्यावर वकील म्हणाला, "पंचनामा." वास्तविक हे पोलिस 1980 साली मुंबईत रंगभवनला वाजवून गेलेले. ते वकिलाला माहीतही होतं, पण पोटापाण्याचा शब्द आधी येतो. अ‍ॅबा म्हटल्यावर बेंजोनं क्षणभरही न थांबता "अंजनी" असं उत्तर दिलं. वकिलाला कळेना. आबा म्हटलं की सांगली जिल्ह्यातला माणूस दुसरीकडं कुठं जाणार? आर. आर. आबांचं गाव ते. वकील त्याला समजावायला लागला की हा बँड स्वीडनचा, चौघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव, 1974 साली युरोव्हिजनची गाण्यांची स्पर्धा जिंकले वगैरे. बेंजो भडंग खात शांतपणे म्हणाला, "असंल की. पर आमचं आबा आदी."

आबांनीच गृहमंत्री असताना 2005 मध्ये डान्सबार बंद केले, त्यामुळे संगीताशी त्यांचा संबंध नाहीच असं म्हणता येणार नाही, असं वकिलाचं म्हणणं पडलं. गुण मान्य झाला.

वाठार स्टेशन जवळ आलं तेव्हा नाव होतं क्वीन. माझा शब्द "मिशी", वकिलाचा "लंडन", सरांचा "पाचगणी". सर अशा वेळी वर्गात असल्यासारखे बोलतात. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, जन्म 1946, झांझिबार. शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. बाराव्या वर्षी शाळेतल्या पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानोवर. क्वीन पुढं 1970 ची. हे मला ऐकून माहीत होतं. पण पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी मंडळी पूर्वी रेल्वेनं वाठारला उतरून वाईमार्गे वर चढायची, हे सरांनी तिथंच सांगितलं आणि आम्ही चौघंही फलाटाकडं बघायला लागलो. फलाटावर एक कुत्रं आणि गोणीवर बसलेली म्हातारी. तो इथं कधी उतरला असेल की नाही, देव जाणे. पण सातारा येईपर्यंत मला ट्रंक घेऊन उभा राहिलेला एक दातपुढा मुलगा दिसत राहिला.

मग बीटल्स. बेंजो म्हणाला, "भोपळा."

आम्ही हसलो. सर तर पेढ्याचा तुकडा अडकून खोकायला लागले. बेंजो मात्र गंभीर. "त्यातला एकजण सतार वाजवायचा न्हवं?" हॅरिसननं 1965 च्या रेकॉर्डमध्ये सतार वाजवली ते त्याला आमच्या सरांनीच कधीतरी सांगितलेलं. आणि सतार म्हटलं की याला सतारमेकर गल्ली. सहावी-सातवीच्या सुट्टीत तो तिथं एका कारखान्यात कामाला होता, कारखाना म्हणजे तीन माणसांची खोली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे पोत्यानं यायचे, ते कापून आतला गर खरवडून काढायचं काम पोरांकडं. बिया आणि भुसा नाकात जायचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो आला, त्यात हारीनं लावलेले भोपळे बघून बेंजोला शिंका आल्या म्हणे. हे थाप असणार. पण जगात बीटल्स म्हटल्यावर भोपळा म्हणणारा माणूस एकच असेल आणि तो माझ्यासमोर भडंग खात होता, याचा मला अभिमान वाटला.

मायकेल जॅक्सन हा बँड नाही अशी हरकत आली. हरकत घेणाऱ्या वकिलालाच शब्द विचारला तर म्हणाला, "करमणूक कर." 1 नोव्हेंबर 1996, अंधेरीचं क्रीडासंकुल. अख्खा महाराष्ट्र त्या नाचाबद्दल बोलत होता आणि याच्या डोक्यात कर! सरकारनं माफ केलेला तो कर, मग त्यावरचा हायकोर्टातला वाद, आणि शेवटी 2021 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं तीन कोटींच्या वरची ती रक्कम पुन्हा माफ केली तोपर्यंत पंचवीस वर्षं होत आलेली. नाचणारा 2009 मध्येच गेला. दुसरा कुणी गाण्याचा अंतरा जितक्या प्रेमानं म्हणून दाखवेल, तितक्या प्रेमानं वकील हे सगळं सांगतो.

सातारा गेलं, चहा झाला (सरांकडं), आणि माझ्यावर पिंक फ्लॉइड आलं. मी म्हणालो, "टी-शर्ट."

वकील एकदम सरसावून बसला. "गाणं कुठलं आवडायचं रे तुला त्यांचं?"

मला एकही आठवेना. खरं सांगायचं तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. 1973 च्या त्या रेकॉर्डवरचं चित्र, काळ्यावर त्रिकोण आणि त्यातून फुटणारे रंग, एवढंच मला माहीत होतं. तसला टी-शर्ट घालून मी पुण्यात दोन वर्षं हिंडलो. खोलीत पोस्टरही होतं. कॅसेट वकिलाची होती आणि ती लागली की मला झोप यायची. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं लपवलेली गोष्ट कोरेगावच्या आसपास उघडी पडली. वकील खूश झाला. आरोपी कबूल झाल्यावर होतो तसा.

आता नाव द्यायची पाळी बेंजोची. त्याला इंग्रजी नावं येत नाहीत. त्यानं डोकं खाजवलं आणि नुसतंच म्हणाला, "बँड."

वकील म्हणाला, "रॉक." सर म्हणाले, "बाजा." आणि माझ्या तोंडून आलं, "टोपी."

बेंजोनं माझ्याकडं बघितलं. "लाल," तो म्हणाला. "सोनेरी काठाची."

माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मी लहानाचा मोठा झालो तो त्याच्याच घरी. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा लाल कोट ट्रंकेतून बाहेर यायचा, मामी पितळी बटणं राखेनं घासायची, आणि ती टोपी खुंटीवर टांगायची, तिला कुणी हात लावायचा नाही. आषाढापर्यंत हंगाम. नंतर तो एका टेलरकडं काजं-बटणं करायचा. नवीन सिनेमाची गाणी तो चहाच्या टपरीवर उभा राहून रेडिओवर ऐकायचा आणि घरी येऊन वहीत सा रे ग म लिहून काढायचा. पण वरातीत लोकांना शेवटी एकच लागायचं, 'नागिन'. 1954 चा सिनेमा, त्यातली ती पुंगी मुळात पुंगीच नव्हती, क्लेव्हियोलिन नावाचं विजेवरचं वाद्य आणि हार्मोनियम होती, आणि इकडं मिरजेत ती क्लॅरिनेट झाली. नवऱ्याचे मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळायचे आणि मामा त्यांच्या अंगावर वाकून वाजवत राहायचा. पाठीमागं हातगाडीवर भोंगा. डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंना, त्यांच्याकडं कुणी बघायचंसुद्धा नाही.

हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात वकिलानं विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? मामा असतात. काय करतात? मी म्हणालो, म्युझिशियन आहेत, क्लॅरिनेट वाजवतात. "जॅझ?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "हो, तसंच." "बेनी गुडमन वगैरे?" मी मान हलवली. बेनी गुडमन कोण हे मला पुढच्या टर्मपर्यंत माहीत नव्हतं. एका शब्दाचंही खोटं बोललो नव्हतो, आणि तरीही.

हे सगळं आज गाडीत सांगून टाकलं. वकील आधी पोट धरून हसला, मग एकदम थांबला. "एक मिनिट. मी तुझ्या मामांसाठी कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणून त्यात गुडमन भरून दिला होता. दिवाळीला तू घेऊन गेलास. तिचं काय केलंस?"

दिली होती की. मामानं ए बाजू चार वेळा ऐकली, मामीचा स्वयंपाक थांबवून तिलाही ऐकवली. म्हणाला, "हा गडी दम कुटं घेतो कळंना." आणि मग म्हणाला, वरातीत चालायचा नाही, ह्याच्यावर नाचणार कोण? त्या माणसाच्या क्लॅरिनेटवर एके काळी अख्खी अमेरिका नाचली होती, हे मामाला सांगायला मलाच कुठं माहीत होतं? पुढच्या हंगामात त्या कॅसेटवर त्यानं 'मेड इन इंडिया' आणि आणखी काय काय भरून घेतलं. वकिलाला हे ऐकून वाईट वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बी बाजू तरी ठेवली का?" मला आठवेना. चहा माझ्याकडं.

कराडनंतर खेळ आपोआप बंद पडला. रेंज कधीचीच आली होती. किर्लोस्करवाडीला बेंजोला फोन आला, डीजेवाल्याचा, परवानगीचा काहीतरी घोळ. सर हिशेबाची वही काढून बसले. भिलवडीला ऊन उतरलं.

जेवण झाल्यावर मी मामाकडं गेलो. तो आता अठ्ठ्याहत्तरचा. ढोल आणि भोंग्याच्या मधोमध उभं राहून आयुष्य गेलेलं, त्यामुळं ऐकायला फार कमी येतं. मामी म्हणाली, मोठ्यानं बोल, उजव्या कानाशी. क्लॅरिनेट कधीच विकली. टोपी आहे, फडताळावर, तिच्यात मामी लसूण ठेवते.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि उजव्या कानाशी ओरडलो, "बँड!"

त्यानं तीन आकडेसुद्धा मोजू दिले नाहीत. "सुपारी," तो म्हणाला, आणि उशीखाली चष्मा चाचपायला लागला. "कुणाचं लगीन? तारीख कंची?"

मी सांगितली. बुधवार.

"बुदवार रिकामा हाय," मामा म्हणाला.