झिंकची कमतरता आहे, किती देऊ?

जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. ऑगस्टमध्ये आमचा दिवस कसा जातो? शेतकरी फाटलेलं पान घेऊन येतो, नाहीतर मोटारसायकलवर बसूनच काढलेला फोटो दाखवतो. रोग कोणता ते कुणी विचारत नाही. ‘काय टाकू’ विचारतात.

त्या दिवशी एक आप्पा आले. “पान पिवळं पडू राहिलं भो, काय टाकू?” केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली, साडेतीन हजार खोडं, ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपं, दीड महिन्याची. फोटोत कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे. चुनखडीच्या जमिनीत झिंक असूनही पिकाला मिळत नाही, आणि मग कोवळ्या पानावर असेच पट्टे येतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की फोटो धड मोठा करूनही बघितला नाही. तरी मात्रा पक्की करावी म्हणून फोनवर एआयला विचारलं. जसं लिहिलं तसंच देतो: ‘केळीत झिंकची कमतरता आहे, एकरी किती झिंक देऊ?’

उत्तर झकास आलं. मात्रा, ठिबकमधून कसं सोडायचं, फवारणी कधी करायची, वर ‘स्फुरद जास्त झालं तर झिंक अडतं’ हेही. एक ओळ खोटी नव्हती. आप्पा चिलेटेड झिंकचा डबा घेऊन गेले.

आठ दिवसांनी परत हजर. “वाढूच राहिलं.”

भाचा दुकानात होता. ॲग्रीचा पदवीधर, मोबाइलवर बोटं पळतात, बांधावर पाय पळत नाहीत. त्यानं माझा जुना मेसेज वाचला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही त्याला विचारलंच नाही. सांगितलं.” झोंबलं. पण खरं होतं. झिंक मीच ठरवलं होतं, एआयनं फक्त मान डोलावली.

भाच्यानं नवं चॅट उघडलं. जुन्यात विचारलं तर ते झिंकलाच धरून बसेल म्हणाला. मग दोघांनी मिळून लिहिलं: ‘जळगाव जिल्हा. ग्रँड नैन, टिश्यूकल्चर, जूनअखेरची लागवड. काळी, चुनखडीची जमीन, ठिबक. पंधरा दिवस ढगाळ, रिपरिप पाऊस. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे, झिंक देऊनही वाढतायत. निदान आणि औषध आत्ता सांगू नको. असे पट्टे कशाकशाने येतात ते सांग, आणि त्यांतला फरक कळायला शेतकऱ्याला काय काय विचारू ते सांग.’

सहा प्रश्न आले. पहिला: पट्टे एका सलग भागातल्या सगळ्या झाडांवर आहेत, की मधूनमधून सुट्या झाडांवर? आप्पा म्हणाले, “एक इथं, चार सोडून एक तिथं.” दुसरा: आंतरपीक कोणतं? “काकडी.” पुढचे चार वाचायची गरज उरली नाही. जमिनीतली कमतरता अशी चार खोडं सोडून उडी मारत नाही.

शेतात गेलो. काही झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं पान, उलगडायच्या आधीच कुजलेला. हरण्या! म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. काकडीवरही हाच विषाणू असतो. नावातच काकडी आहे आणि मी झिंक विकत होतो. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर बसला की काही मिनिटांत विषाणू पोचतो, आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. उपटा, बागेबाहेर नेऊन नष्ट करा, माव्यासाठी फवारा, काकडी काढा. आप्पांच्या आठवणीत पहिल्या दिवशी तीस-पस्तीस झाडं होती. आम्ही उपटली २१०.

घरी येऊन माझा पहिला प्रश्न पुन्हा टाकून पाहिला. पुन्हा झिंकच. म्हणून एआयला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. हेच प्रश्न मला येत नव्हते असंही नाही. गिऱ्हाइकांची रांग लागली की मी ते विचारायचं सोडून दिलं होतं. विकणाऱ्याचा प्रश्न विकण्यापाशीच येऊन थांबतो. परवा एका कंपनीचा माणूस तर ‘एआयला असं विचारा’ म्हणून तयार मेसेजच वाटत होता, त्यात उत्पादनाचं नाव आधीच घातलेलं!

आप्पांनी डब्याचे पैसे परत मागितले नाहीत. मी देऊ केले तर म्हणाले, “राहू दे भो, झिंक जमिनीतच आहे.” त्याचंच जास्त लागलं.

त्या पंधरवड्यात झिंकचे अकरा डबे गेले आहेत. बिलबुक घेऊन बसलोय, एकेकाला फोन लावतोय. सात जणांनी उचलला. आधी नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारतो, “मधे काय लावलंय?”